जंतूंची मजुरी, साखरेचा भाव

वाण्याच्या दुकानात ‘लिंबूसत्त्व’ मागितलं की पांढऱ्या बारीक स्फटिकांची पुडी हातात पडते. तिचा लिंबाशी संबंध आंबटपणापुरताच. ढोकळ्यात, घरच्या सरबतात, शीतपेयाच्या बाटलीत आणि मुलांच्या आंबटगोड गोळ्यांत जाणारं हे सायट्रिक अ‍ॅसिड अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीने साखर खाऊन तयार केलेलं असतं. साठवणीतल्या कांद्याची साल काढताना बोटांना जी काळी भुकटी लागते, ती बहुतेक वेळा हीच बुरशी. जगात दरवर्षी २० लाख टनांहून अधिक सायट्रिक अ‍ॅसिड बनतं, तेही जवळजवळ सगळं बुरशीकडून. त्यातला सर्वांत मोठा वाटा चीनचा.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते खरोखरच लिंबातून यायचं. सिसिलीतल्या बागांमधली लिंबं पिळायची, रसात चुना घालून कॅल्शियम सायट्रेटचा साका खाली बसवायचा आणि तो युरोप-अमेरिकेला धाडायचा, असा इटलीचा जवळपास मक्तेदारीचा धंदा होता. बुरशी साखरेपासून हेच आम्ल बनवते, हे कार्ल वेमर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९३ मध्येच दाखवलं होतं. पण त्यावर कारखाना काही चालेना. जेम्स करी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये काळ्या बुरशीला नेमकं काय मानवतं ते शोधलं : भरपूर साखर, बेताची खनिजं आणि सुरुवातीपासूनच आंबट पाणी. पहिल्या महायुद्धाने इटलीचा माल बेभरवशाचा करून ठेवला होताच. करी फायझर कंपनीत गेला आणि १९१९ मध्ये ब्रुकलिनला उथळ तबकांत बुरशी वाढवून उत्पादन सुरू झालं. पुढच्या वीसेक वर्षांत भाव इतके घसरले की सिसिलीचा तो व्यापार बसला तो बसलाच.

ही गोष्ट ऐकली की वाटतं, मग सगळीच रसायनं अशी का बनवत नाहीत? जंतूला पगार नाही, बोनस नाही, रजा नाही. एका पेशीच्या दोन व्हायला काही जिवाणूंना वीस मिनिटं पुरतात. जनुकं बदलून हवा तो रेणू बनवायला शिकवणंही आता प्रयोगशाळांच्या हातचं झालं आहे. तरीही गेल्या वीस वर्षांत या भरवशावर उभ्या राहिलेल्या कितीतरी कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. जंतूने काम केलं नाही म्हणून नव्हे. त्याने काम चोख केलं. पण त्याचं खाणं, पाणी आणि हवा यांचं बिल मालाच्या किमतीत बसेना.

बिलातला पहिला आकडा साखरेचा. ऊस पट्ट्यातल्या माणसाला ‘उतारा’ सांगायला नको. टनभर उसातून किती साखर पडली, यावर कारखान्याचं वर्ष ठरतं. फर्मेंटरमध्येही तोच प्रश्न असतो, फक्त त्याची कमाल मर्यादा रसायनशास्त्राने आधीच आखून दिलेली असते. एक किलो ग्लुकोजपासून यीस्ट फार तर ५११ ग्रॅम अल्कोहोल बनवू शकतं. उरलेले ४८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. यीस्ट कितीही गुणी असलं तरी हा आकडा ओलांडता येत नाही. लॅक्टिक अ‍ॅसिडचं मात्र वेगळं आहे. एक किलो ग्लुकोजमधून तत्त्वतः एक किलो लॅक्टिक अ‍ॅसिड मिळतं, काहीच वाया जात नाही.

हा फरक कुठून येतो? ग्लुकोजच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५३ टक्के, ऑक्सिजन असतो. साखर विकत घेणारा म्हणजे ऑक्सिजनचेही पैसे मोजत असतो. जो पदार्थ बनवायचा त्यात तो ऑक्सिजन राहणार असेल, तर पैसे वसूल. सायट्रिक, लॅक्टिक, ग्लुकोनिक ही आम्लं अशीच आहेत. पण डिझेलसारखा निव्वळ कार्बन-हायड्रोजनचा पदार्थ बनवायचा असेल, तर विकत घेतलेला सगळा ऑक्सिजन फेकून द्यावा लागतो आणि त्याच्या सोबत बराचसा कार्बनही. फार्नेसीन या हायड्रोकार्बनसाठी यीस्टच्या नेहमीच्या मार्गाने एक किलोमागे किमान चार किलो साखर लागते. साखर ३० रुपये किलो धरली, तर एक किलो लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये साखरेचे किमान ३० रुपये, अल्कोहोलमध्ये सुमारे ५९ आणि फार्नेसीनमध्ये १२०. यात वीज, वाफ, पगार, व्याज काहीच धरलेलं नाही. उलट खनिज तेलात ऑक्सिजन जवळपास नसतोच. त्यामुळे हायड्रोकार्बन बनवण्यात तेलकंपन्या जन्मतःच पुढे असतात आणि ऑक्सिजनवाले रेणू बनवण्यात साखर.

दुसरा आकडा पाण्याचा. या हिशेबाची सगळ्यांत जुनी आणि रंजक कहाणी चेम वाइझमन यांची. मँचेस्टरमध्ये शिकवणाऱ्या या रसायनशास्त्रज्ञाला स्टार्चपासून अ‍ॅसिटोन बनवणारा एक जिवाणू सापडला होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला कॉर्डाइट या स्फोटकासाठी अ‍ॅसिटोन हवं होतं आणि नेहमीचा लाकडापासूनचा पुरवठा तुटपुंजा पडत होता. वाइझमन यांची पद्धत कारखान्यांत उतरली. मक्याची टंचाई भासू लागली तेव्हा १९१७ मध्ये ब्रिटिश शाळकरी मुलांना हॉर्स चेस्टनटची फळं वेचायला लावली गेली. ती किंग्ज लिनच्या कारखान्यात गेली. पुढे हेच वाइझमन इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

हा जिवाणू एकटं अ‍ॅसिटोन बनवत नसे. तीन भाग अ‍ॅसिटोन, सहा भाग ब्युटॅनॉल आणि एक भाग अल्कोहोल असं त्याचं ठरलेलं प्रमाण. युद्धात ब्युटॅनॉलला गिऱ्हाईक नव्हतं. युद्ध संपताच पारडं फिरलं. अमेरिकेत मोटारी धडाधड बनू लागल्या होत्या, पण जुना रंग वाळायला दिवसच्या दिवस जात. १९२० च्या दशकात लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आले. त्यांना द्रावक म्हणून ब्युटिल अ‍ॅसिटेट लागे आणि ते ब्युटॅनॉलपासून बनत असे. इंडियाना राज्यातल्या टेर होट इथे कमर्शियल सॉल्व्हंट्स कॉर्पोरेशनने याच जिवाणूवर मोठा धंदा उभारला. काल जो माल अडगळ होता, त्याच्या जिवावर आज कारखाना चालू लागला.

तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून अ‍ॅसिटोन आणि ब्युटॅनॉल स्वस्तात निघू लागल्यावर या पद्धतीचे पाश्चात्त्य कारखाने एकेक करून बंद पडले. जिवाणूचं खाद्य झालेली मळी महागली होती हे एक कारण. दुसरं कारण जिवाणूच्या अंगातच होतं. ब्युटॅनॉल त्याला विष आहे. द्रावात ते दीड टक्क्याच्या आसपास गेलं की जिवाणू मान टाकतो. म्हणजे एक किलो ब्युटॅनॉल हवं तर साठ-सत्तर किलो पाणी सांभाळा, तापवा, त्यातून माल वेगळा करा आणि उरलेलं घाण पाणी शुद्ध करा. यीस्ट निदान आठ-दहा टक्के अल्कोहोल सहन करतं. सायट्रिक अ‍ॅसिडची बुरशी तर लिटरमागे शंभर ग्रॅमहून जास्त आम्ल सोडते. शिवाय तिथलं पाणी इतकं आंबट असतं की दुसरे उपटसुंभ जंतू त्यात शिरून माल नासवण्याची भीती फारशी उरत नाही. फर्मेंटेशनच्या कारखान्यात जंतू असतात ती टाकी फोटोत उठून दिसते. पण खर्चाचा मोठा हिस्सा पुष्कळदा तिच्या मागच्या गाळण्या, बाष्पक आणि ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यांत जिरतो.

तिसरा आकडा हवेचा. अल्कोहोलच्या यीस्टला टाकीत हवा लागत नाही, म्हणून ती टाकी हवी तितकी मोठी आणि साधी बांधता येते. पेनिसिलीनच्या बुरशीला मात्र सतत ऑक्सिजन हवा. पाण्यात तो विरघळतोच मुळी चिमूटभर : २५ अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास. बुरशी तो काही सेकंदांत संपवते. म्हणून तिच्या टाकीत कॉम्प्रेसरने जंतुविरहित हवा अहोरात्र सोडायची, भल्यामोठ्या पंख्यांनी ती घुसळायची आणि बुरशीच्या अंगची उष्णता थंड पाण्याने बाहेर काढायची. तिन्ही कामांना वीज. एकदा वीज गेली की लाखो रुपयांचा घाणा वाया.

ही विद्याही सायट्रिक अ‍ॅसिडच्याच घरातून आली, हे मजेशीर आहे. उथळ तबकांऐवजी खोल टाकीत हवा सोडून बुरशी वाढवण्याचं तंत्र फायझरने अशा आम्लांवर काम करताना अंगी बाणवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलीनची निकड निर्माण झाली, तेव्हा ब्रुकलिनमधला एक जुना बर्फाचा कारखाना घेऊन तिथे १४ मोठ्या टाक्या बसवल्या गेल्या आणि १ मार्च १९४४ रोजी उत्पादन सुरू झालं. खाद्य म्हणून मक्याचा स्टार्च काढताना उरणारं पाणी वापरलं, कारण अमेरिकेतल्या पियोरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत ते बुरशीला भलतंच मानवल्याचं दिसलं होतं. १९४३ मध्ये वीस डॉलरला पडणारी पेनिसिलीनची मात्रा १९४६ मध्ये ५५ सेंटवर आली.

साखर, पाणी, हवा हे तिन्ही आकडे जमले तरी चौथा उरतो, आणि तो कारखान्याच्या कुंपणाबाहेर ठरतो. आपण बनवतो तोच माल दुसरा कुणी कशापासून, कितीला बनवतो?

कॅनडातल्या बायोअँबर कंपनीचं उदाहरण यासाठी पाहण्यासारखं आहे. सक्सिनिक अ‍ॅसिड हा ऑक्सिजनने भरलेला रेणू. म्हणजे वर सांगितलेल्या पहिल्या परीक्षेत पास. कंपनीचं यीस्ट आंबट पाण्यातही काम करणारं. ऑन्टारिओतल्या सार्निया गावी वर्षाला ३०,००० टनांचा कारखाना २०१५ मध्ये सुरू झाला. पण योजना आखली तेव्हा कच्चं तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं. कारखाना उभा राहिला तोवर ते घसरणीला लागलं होतं आणि जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्या खाली गेलं. तेलापासूनचे पर्याय स्वस्त झाले. सक्सिनिक अ‍ॅसिडची बाजारपेठही कागदावर वाढायला हवी होती तशी वाढली नाही. २०१८ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि कारखाना बांधणीच्या खर्चापुढे किरकोळ वाटेल अशा रकमेला गेला.

अशा कारखान्यांची आणखी एक कोंडी असते. रासायनिक उद्योगातला जुना ठोकताळा असा की क्षमता दुप्पट केली तर यंत्रसामग्रीचा खर्च दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होतो. म्हणून मोठा कारखाना किलोमागे स्वस्त पडतो. पण गिऱ्हाईक पक्कं नसताना मोठा बांधावा, तर कर्जाचं व्याज खातं. छोटा बांधावा, तर माल महाग पडून गिऱ्हाईक येत नाही.

स्पर्धा दर वेळी तेलाशीच असते असं नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध चीन, व्हिएतनाम आणि आफ्रिकेतले शेतकरी एका वनस्पतीपासून पिकवतात. तिचे भाव कधी गगनाला, कधी मातीमोल. कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ जे कीसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये वनस्पतीची जनुकं घालून आर्टेमिसिनिनच्या आधीची पायरी, आर्टेमिसिनिक अ‍ॅसिड, लिटरमागे २५ ग्रॅमपर्यंत मिळवलं. संश्लेषी जीवशास्त्राचा हा मोठा विजय मानला गेला. सानोफी कंपनीने इटलीतल्या गारेसियो इथे २०१३ मध्ये उत्पादन सुरू केलं. मात्र त्यांचा माल किलोला ३५० ते ४०० डॉलरला पडत होता आणि शेतातला भाव तोवर २५० डॉलरच्या खाली उतरला होता. २०१५ मध्ये त्या कारखान्यात या औषधाचं काहीच उत्पादन झालं नाही. पुढच्या वर्षी तो विकला गेला. यीस्टला गरीब शेतकऱ्याने हरवलं, ते त्याने स्वतः तोटा सोसून.

कीसलिंग यांनी सहकाऱ्यांबरोबर स्थापन केलेली अमायरिस कंपनी याच यीस्टला वळण देऊन फार्नेसीन बनवायला निघाली. हेतू होता डिझेल. ब्राझीलमध्ये उसाच्या रसावर कारखाना चालू झाला. शास्त्रज्ञांनी यीस्टचा चयापचयाचा मार्गच बदलून कमी साखरेत, कमी ऑक्सिजनमध्ये जास्त माल काढला आणि २०१६ मध्ये लिटरमागे १३० ग्रॅमचा आकडा जाहीर केला. इतकं करूनही डिझेलच्या भावाला ते पुरेना. मग कंपनीने त्याच फार्नेसीनपासून स्क्वालेन बनवायला घेतलं. चेहऱ्याच्या क्रीममध्ये लागणारं हे तेल पूर्वी शार्कच्या यकृतातून काढत. डिझेलच्या तुलनेत खप नगण्य, पण भाव कितीतरी पट जास्त. तंत्र तेच, यीस्ट तेच. गिऱ्हाईक तेवढं ट्रकवाल्याऐवजी सौंदर्यप्रसाधनवालं. पुढे स्वतःचे ब्रँड वाढवण्याच्या खर्चाने आणि कर्जाने कंपनी वाकली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

महाराष्ट्राला हा हिशेब परका नाही. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या आसवनीपाशी उभं राहिलं की त्याचा वासच येतो. साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरलेली काळी, चिकट मळी पाण्यात पातळ करून टाकीत घेतात, यीस्ट सोडतात आणि तासाभरात पृष्ठभागावर फेस उकळू लागतो. टनभर ‘सी-हेवी’ मळीतून साधारण २२५ लिटर अल्कोहोल मिळतं. साखर एक फेरी कमी काढली, तर मळीत जास्त साखर राहते; त्या ‘बी-हेवी’ मळीतून तीनशेच्या वर. साखर विकावी की अल्कोहोल, हा निर्णय मग बाजारातल्या साखरेच्या भावावर, इथेनॉलच्या दरावर आणि त्या वर्षीच्या पावसावर फिरतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवायला अचानक बंदी घातली, तेव्हा कर्ज काढून आसवन्या वाढवलेल्या कारखान्यांची झोप उडाली होती. पुढे ती बंदी सैल झाली.

एके काळी भारतात याच अल्कोहोलपासून मोठी रसायनं बनत. बरेलीला १९६० च्या दशकात अल्कोहोलपासून कृत्रिम रबर निघत असे. मळीचे भाव सरकार बांधून देई आणि आयातीवर जकातीची भिंत होती, तोवर हे चाललं. १९९३ मध्ये मळी नियंत्रणमुक्त झाली, जकात उतरली, नैसर्गिक वायू आणि नाफ्त्यावरचे प्रचंड कारखाने आले आणि गणित उलटं झालं. अलीकडचा हिशेब करून पाहता येतो. २०२४-२५ च्या हंगामात सी-हेवी इथेनॉलचा दर लिटरला ५७.९७ रुपये, म्हणजे किलोला सुमारे ७३ रुपये. एक किलो इथिलीनला किमान १.६४ किलो इथेनॉल लागतं. कच्चा मालच १२० रुपयांचा झाला. एवढ्यात तेलापासूनचं इथिलीन तेव्हा सहज मिळत होतं आणि वर पैसे उरत होते. ब्राझीलची ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसापासूनचं पॉलिथिलीन बनवते, ते ‘हरित’ प्लास्टिकसाठी जास्त पैसे मोजणारे ग्राहक तिला मिळाले म्हणून.

टिकून राहिली ती ऑक्सिजन जपणारी रसायनं. महाडची लक्ष्मी ऑरगॅनिक आणि कोपरगावजवळच्या साकरवाडीची गोदावरी बायोरिफायनरीज यांचं इथिल अ‍ॅसिटेट शाई, रंग आणि औषधं बनवणाऱ्यांकडे जातं. पण या कंपन्यांनाही आता इथेनॉलसाठी पेट्रोल पंपाशी बोली लावावी लागते. तेलकंपन्या पेट्रोलमध्ये मिसळायला ठरलेल्या दराने लाखो लिटर उचलत असताना आसवनीवाला रसायन कंपनीला स्वस्त का देईल?

शिवाय मळीच्या पाण्याचा खर्च आहेच. लिटरभर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश निघतो, तपकिरी, तिखट वासाचा. विहिरी आणि ओढे काळे झाल्याच्या तक्रारींनी अनेक गावांतल्या ग्रामसभा गाजल्या आहेत. आता नियमाने कारखान्याबाहेर एक थेंब सोडता येत नाही. म्हणून तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात. बॉयलर महाग, पण राखेत पोटॅश असतं आणि मळीपासूनच्या पोटॅशला २०२१ पासून खत म्हणून केंद्राचं अनुदान मिळतं. खर्चाच्या रकान्यातली एक ओळ थोडीशी का होईना, जमेकडे सरकली.

जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड या जैवविघटनशील प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, तोही लॅक्टिक अ‍ॅसिडच्या त्याच पूर्ण उताऱ्यावर भिस्त ठेवून. अमेरिकेतल्या नेब्रास्कात असं प्लास्टिक २००२ पासून मोठ्या प्रमाणात बनतं. तिथली जुनी अडचण आम्लाला चुन्याने उदासीन करण्याची होती. त्यातून टनभर मालामागे जवळपास टनभर जिप्समचा ढीग उरे. आंबट पाण्यात काम करणारं यीस्ट शोधल्यावर चुना वाचला.

हवेचं बिलही महाराष्ट्राने पाहिलं आहे. पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी देशात पेनिसिलीन बनू लागलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत त्यामागे होती. चीनने स्वस्त ग्लुकोज, स्वस्त वीज आणि अवाढव्य टाक्यांच्या बळावर पेनिसिलीन-जीचे भाव पाडले, तेव्हा पिंपरीसह भारतातले बहुतेक उत्पादक त्यातून बाहेर पडले. अमॉक्सिसिलिनसारख्या रोजच्या औषधाचा मूळ कच्चा माल चीनमधून येऊ लागला.

मार्च २०२० मध्ये केंद्राने औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिच्यात एक बारीक भेद आहे. रासायनिक पद्धतीने बनणाऱ्या मालाला विक्रीवर १० टक्के, तर फर्मेंटेशनने बनणाऱ्याला सुरुवातीला २० टक्के. हवेचं आणि विजेचं बिल सरकारनेही मोजलं होतं तर. या योजनेत काकीनाड्याला अरबिंदो फार्माच्या लायफियस या कंपनीने वर्षाला १५,००० टन क्षमतेचा पेनिसिलीन-जीचा कारखाना उभारला आणि २०२४ मध्ये तिथल्या टाक्या फिरू लागल्या. २० टक्क्यांची सवलत २०२६-२७ पर्यंत आहे, २०२७-२८ मध्ये ती १५ टक्के आणि २०२८-२९ मध्ये ५ टक्के होईल. त्यानंतर तिथल्या बुरशीला चिनी बुरशीशी स्वतःच्या उताऱ्यावर झुंजावं लागेल.